तलावांच्या मुलखातील सायकलमार्ग आणि पाण्याची बोली

बोलींच्या अभ्यासात प्रवासाच्या साधनाला सहसा महत्त्व दिले जात नाही. सर्वेक्षक कोणत्या गावी गेला, कोणत्या वयाच्या व व्यवसायाच्या माणसांशी बोलला, कोणती प्रश्नावली त्याने वापरली, यांची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. परंतु तो त्या गावी कोणत्या वाटेने आणि किती वेगाने पोहोचला, हा प्रश्न अप्रस्तुत समजला जातो. बहुतेक प्रदेशांत या उपेक्षेने फारसे बिघडतही नसेल. पण जेथे वाट, पाणी आणि शब्द यांची रचना परस्परांत गुंतलेली आहे, तेथे मार्गाची निवड हाच अभ्यासपद्धतीचा एक भाग ठरतो. पूर्व विदर्भातील भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांचा तलावांचा मुलूख हा असा प्रदेश होय. या मुलखातील शांत ग्रामीण रस्त्यांवरून सायकलने जाणाऱ्या अभ्यासकास काय दिसते व काय ऐकू येते, त्याने मार्ग कसा आखावा, आणि हे काम लांबणीवर टाकल्यास कशाची हानी होईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. प्रदेशाचे स्वरूप

नागपूरच्या आसपास दख्खनच्या काळ्या कातळाची सीमा संपते. त्याच्या पूर्वेस प्राचीन स्फटिकमय व रूपांतरित खडकांचा प्रदेश लागतो. कापूस आणि ज्वारी मागे पडतात व धानाच्या बांध्या सुरू होतात. वार्षिक पर्जन्यमान सुमारे १,३०० मिलिमीटर असले, तरी ते जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडते. आणि धानाला पाण्याची खरी निकड भासते ती पाऊस ओसरत असताना, आश्विन-कार्तिकात. त्या दिवसांत एक-दोन वेळा पाणी मिळाले तर पीक हाती लागते, न मिळाले तर दाणा भरत नाही. जमिनीखालचा खडक पाणी फारसे मुरू देत नाही. त्यामुळे लहान टेकड्यांच्या पायथ्याशी मातीची पाळ घालून पाणी अडविणे हा येथील शेतकऱ्याने शतकानुशतके अवलंबिलेला उपाय आहे. येथील तलाव हे निसर्गाने दिलेले नव्हेत, माणसांनी घडविलेले आहेत, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

पूर्व विदर्भातील पाच जिल्ह्यांत मिळून अशा जुन्या तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक सांगितली जाते. तलाव बांधण्याच्या कामात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष विख्यात होते. ऊस पिकविण्यातही हा समाज निष्णात होता, आणि उसासारखे बारमाही पाणी मागणारे पीक घेणाऱ्यांनी जलसंचयाची विद्या आत्मसात करावी हे स्वाभाविकच होय. गोंड राजांनी या लोकांना काशीकडून आणले अशी परंपरागत कथा आहे. नवेगाव येथील सर्वांत प्रसिद्ध तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे मानले जाते. या कोलू पाटलास पुढे देवत्व प्राप्त झाले. कोलासूर या नावाने त्याचे ठाणे तलावाजवळ आहे. तलावाभोवतीच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात व त्यांनी पाळ बांधण्याच्या कामी कोलू पाटलास साहाय्य केले, अशी आख्यायिका आहे. महाराष्ट्रात अन्यत्र पाणवठ्यांशी निगडित असलेल्या साती आसरांची येथे आठवण होते. डोंगर, पाणी आणि सात स्त्रीदेवता यांचा हा संबंध लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे तपासण्याजोगा आहे.

२. सायकल आणि बोलीविज्ञान

बोलीविज्ञानाच्या इतिहासात सामग्री गोळा करण्याच्या दोन पद्धती आरंभापासून दिसतात. जर्मनीत गेऑर्ग वेंकर याने १८७६ मध्ये वाक्यांची एक यादी शाळामास्तरांकडे टपालाने पाठविण्यास आरंभ केला आणि त्यांच्या उत्तरांवरून नकाशे तयार केले. ग्रिअर्सनचे भारतीय भाषासर्वेक्षण बव्हंशी याच वर्गात मोडते. त्याचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नमुने स्थानिक अधिकाऱ्यांच्या द्वारे मिळविलेले होते. अशा पद्धतीने विस्तीर्ण प्रदेश थोड्या श्रमात आटोक्यात येतो. परंतु जो प्रश्न विचारलेला नाही त्याचे उत्तर टपालाने येत नाही.

दुसरी पद्धत फ्रान्समध्ये जूल जिल्येराँ याने स्वीकारली. त्याने एदमाँ एदमों या व्यापारी पेशाच्या पण अत्यंत तीक्ष्ण कानाच्या गृहस्थास शिकवून तयार केले, आणि १८९७ ते १९०१ या काळात या एकाच माणसाने ६३९ ठिकाणी जाऊन सामग्री मिळविली. बोलीविज्ञानाच्या पाठ्यग्रंथांतून एदमोंचे चित्र सायकलवरून गावोगाव हिंडणारा सर्वेक्षक असेच रंगविलेले आढळते. दूरच्या अंतरासाठी त्याने आगगाडीचा आश्रय घेतला असणारच. तथापि सायकलीची ही आठवण टिकून राहिली, याला कारण आहे. सायकलस्वार पायी चालणाऱ्याहून तिपटीचौपटीने अधिक अंतर कापतो, परंतु वाटेवरच्या माणसाशी त्याचा संबंध तुटत नाही. मोटारीतून उतरणारा माणूस गावात ‘येतो’. सायकलवरचा माणूस गावातून ‘जात असतो’, आणि पाळीवर बसलेल्या वृद्धास त्याला थांबवून कोठून आलात हे विचारावेसे वाटते. संभाषणाचा आरंभ अशा रीतीने निवेदकाकडून होतो. सर्वेक्षकापुढे लोक शुद्ध भाषा बोलण्याचा प्रयत्न करतात, ही नित्याची अडचण त्यामुळे पूर्णपणे नाहीशी होत नसली तरी पुष्कळ कमी होते.

मराठीपुरते पाहता, अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली १९६३ पासून निघालेल्या बोलीसर्वेक्षणाच्या ग्रंथमालेने प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचा आदर्श घालून दिला. त्या मालेत एकेका बोलीचे व्याकरण सिद्ध झाले. एखाद्या रस्त्याच्या कडेने बोली कशी पालटत जाते, हा प्रश्न त्याहून निराळा आहे. आणि तलावांचा मुलूख त्या प्रश्नासाठी असाधारण सोयीचा आहे.

३. रस्ता आणि पाळ

धानाच्या प्रदेशातील जुन्या गाडीवाटांची रचना समजून घेतली म्हणजे मार्गाची निवड सोपी होते. पावसाळ्यात बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. म्हणून बैलगाडीची वाट शक्यतो उंचवट्यावरून, दोन पाणलोटांच्या मधल्या माळावरून जाई. शेताशेतांतून जाणाऱ्या पांदणी केवळ कोरड्या हंगामात उपयोगी पडत. जेथे उंचवटा संपे तेथे पाणी ओलांडण्यास सर्वांत भक्कम जागा तलावाची पाळ हीच असे. परिणामी अनेक गावांची वाट तलावाच्या पाळीवरून गेलेली आढळते. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेखाली खेड्यापाड्यांतील अनेक कच्च्या वाटांवर डांबर पडले, आणि वर्दळ मात्र मुख्य मार्गांवरच राहिली. बारीक टायरची सायकलही जाऊ शकेल असा, आणि तरीही निवांत असा रस्ता या मुलखात मिळतो, त्यामागे हे कारण आहे.

याच्या उलट नागपूर-रायपूर हा हमरस्ता होय. पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि २०१० च्या पुनर्रचनेनंतर त्रेपन्न क्रमांकाचा झालेला हा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली या गावांवरून पूर्वेस जातो. अवजड वाहनांच्या सततच्या रहदारीमुळे तो सायकलस्वारास सुखावह नाही, आणि अभ्यासकास तर तो निरुपयोगीच आहे. मात्र त्याची एक खूण बोलीत कायमची उमटली आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक सडकेवर आहे म्हणून ‘सडक अर्जुनी’. दुसरे शेजारच्या मोरगावच्या नावासह ‘अर्जुनी मोरगाव’ म्हणून ओळखले जाते. त्याचप्रमाणे ‘नवेगाव’ हे नाव नवी वसाहत या अर्थाने विदर्भात ठिकठिकाणी आढळते. त्यांतील एक गाव आपल्या तलावामुळे ‘नवेगाव बांध’ झाले. शेजारचे ‘सिरेगाव बांध’ त्याच धर्तीचे. म्हणजे ग्रामनामांतील संदिग्धता दूर करण्यासाठी या मुलखाने विशेषतः दोन गोष्टींचा आधार घेतला: सडक आणि बांध. प्रवाशास नकाशाही याच दोन गोष्टींवरून वाचावा लागतो.

अभ्यासदौऱ्यास योग्य असा मार्ग तीन टप्प्यांचा कल्पिता येईल. पहिला टप्पा साकोलीहून निघून सौंदड व सडक अर्जुनीच्या बाजूने कोहमाऱ्यापर्यंत, आणि तेथून दक्षिणेस वळून नवेगाव बांधापर्यंत. येथे हमरस्त्याचा जेवढा भाग टाळता येईल तेवढा टाळून आतील गावांवरून जावे. दुसरा टप्पा नवेगाव बांधाहून सिरेगाव बांधाची वाट धरून अर्जुनी मोरगावपर्यंतचा. अंतर थोडे असल्याने निवेदकांना भरपूर वेळ देता येतो. तिसरा टप्पा अर्जुनीहून गोठणगाव व इटियाडोहाकडे जाऊन परत येण्याचा. गाढवी नदीवरील इटियाडोह हे धरण आधुनिक पाटबंधारे योजनेतील आहे. तेथील शब्दसंग्रह जुन्या तलावांच्या शब्दसंग्रहापासून किती भिन्न आहे, हे एकाच दिवशी शेजारी शेजारी पाहता येते. गोठणगावाजवळ १९७० नंतरच्या दशकात वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. भाषासंपर्काच्या अभ्यासकास ती उपेक्षिता येणार नाही. सौंदड, देवलगाव व अर्जुनी ही गावे गोंदियाहून नागभीड-बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर असल्याने जाण्यायेण्याची सोय आहे.

४. ‘पार’ या शब्दाचा प्रश्न

या मार्गावर जो शब्द सर्वांत अधिक वेळा कानी पडेल तो ‘पार’. प्रमाण मराठीत पार म्हणजे वडा-पिंपळाभोवतीचा ओटा. तलावांच्या मुलखात मात्र पार म्हणजे पाणी अडविणारा मातीचा बांध. शहरातून आलेला विद्यार्थी हा त्याच शब्दाचा लाक्षणिक अर्थ समजेल, आणि तेथेच चुकेल.

झाडीबोलीच्या वर्णव्यवस्थेत ‘ळ’ नाही; त्याच्या जागी ‘र’ येतो. डोळा हा ‘डोरा’ होतो, काळा हा ‘कारा’. पश्चिमेकडील वऱ्हाडीत त्याच ‘ळ’चा ‘य’ होतो व ‘डोया’, ‘काया’ अशी रूपे मिळतात. संस्कृत ‘पालि’ म्हणजे कड, काठ, बंधारा. त्यापासून मराठीत ‘पाळ’ आला व गुजरातीतही त्याच अर्थी ‘पाळ’ आहे. तेव्हा झाडीतील ‘पार’ हा ‘पाळ’ या शब्दाचाच नियमित ध्वनिपरिवर्तनाने सिद्ध झालेला अवतार होय, असे प्रथमदर्शनी वाटते. ओट्याच्या अर्थाच्या ‘पार’शी त्याचा उच्चार जुळला, तो केवळ योगायोगाने.

परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. पूर्वेस लागून असलेल्या छत्तीसगढीत तलावाला ‘तरिया’ म्हणतात, व त्याच्या काठाला ‘पार’च म्हणतात. म्हणजे हा शब्द सीमेपलीकडून तयार स्वरूपात आलेला असण्याचीही शक्यता आहे. दोन्ही उपपत्तींचे मूळ अखेर एकच असले, तरी शब्दाचा प्रवास निराळा ठरतो. एकीत शब्द येथेच होता व त्याचा ध्वनी बदलला. दुसरीत शब्दच पूर्वेकडून चालत आला.

या दोन उपपत्तींमध्ये निर्णय ग्रंथालयात बसून होणार नाही. तो रस्त्यावरच होईल. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या एका मार्गावर थोड्या थोड्या अंतराची गावे निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी नोंदवाव्यात: डोळ्याला काय म्हणतात, आणि तलावाच्या बांधाला काय म्हणतात. ज्या गावी ‘डोया’ संपून ‘डोरा’ सुरू होतो, तेथेच ‘पाळ’ संपून ‘पार’ सुरू झाला, तर ध्वनिपरिवर्तनाच्या पक्षास बळ मिळेल. ‘डोया’ म्हणणाऱ्या गावांतही ‘पार’ आढळला, तर तो ध्वनीच्या नियमाने नव्हे, तलाव बांधणाऱ्यांच्या व्यवसायाबरोबर पश्चिमेस सरकला असे म्हणावे लागेल. उलट ‘डोरा’ म्हणणाऱ्या गावांत ‘पाळ’ मिळाला, तर शाळेचा किंवा कचेरीचा प्रभाव शोधावा लागेल. समभाषारेषा काढण्याचे हे अगदी प्राथमिक तंत्र आहे. पण त्यास बिंदू दाट हवेत. तालुक्याच्या गावापासून तालुक्याच्या गावापर्यंत मोटारीने जाणाऱ्यास हे बिंदू मिळत नाहीत. सायकलस्वाराला मात्र तासाभराच्या प्रवासात एकाहून अधिक पाळी ओलांडाव्या लागतात, आणि प्रत्येक पाळीवर हा प्रश्न विचारता येतो.

ग्रामनामांच्या बाबतीतही हीच सावधगिरी पाहिजे. ‘पिंडकेपार’ यांसारख्या नावांच्या अंती ‘पार’ दिसतो म्हणून तेथे तलावाची पाळ होतीच, असे अनुमान करता कामा नये. गावाजवळ जुना बांध आहे काय, हे प्रत्यक्ष पाहावे. नसल्यास पाडा, वस्ती अशा अर्थाच्या शब्दांकडेही वळून पाहावे.

५. शब्दांचे थर

तलावाच्या अन्य अंगांची नावेही तितकीच लक्षणीय आहेत. पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडण्याच्या योजनेस ‘तुडूम’ म्हणतात. पाण्याची पातळी उतरेल तशी तिची खालची खालची छिद्रे उघडीत जातात. तलाव भरल्यावर जास्तीचे पाणी ज्या बाजूने निघून जाते ती जागा ‘सलंग’. लहानशा तलावास ‘बोडी’ म्हणतात. तलाव आटत गेल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत करावयाची पेरणी ती ‘गाळपेर’. पाटबंधारे खात्याच्या मराठीत याच गोष्टींना अनुक्रमे ‘विमोचक’, ‘सांडवा’ आणि ‘लघु तलाव’ असे शब्द आहेत. एका बाजूस हातांनी घडविलेली परिभाषा, दुसऱ्या बाजूस कागदावर घडविलेली. दुसरी त्याज्य आहे असे नव्हे. राज्यभर एकच व्यवहार चालावा म्हणून ती आवश्यक आहे. पण तिच्यातून प्रदेशाचा इतिहास वाचता येत नाही.

हा इतिहास अनेक थरांचा आहे. ‘तुडूम’ या शब्दाजवळ तेलुगूतील ‘तूमु’ व कन्नडमधील ‘तूबु’ हे तलावाच्या मोरीचे वाचक शब्द ठेवले, म्हणजे द्राविड मूळ सुचते. गोंडांच्या सत्तेखालील प्रदेशात हे संभवनीयही आहे. तथापि ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. मधला ‘ड’ कसा आला याचा उलगडा गोंडी बोलींच्या साक्षीवाचून करता येणार नाही. चांद्याच्या बाजूस अनेक ग्रामनामांच्या अंती ‘तुकूम’ हा शब्द लागतो. तलाव बांधणाऱ्यास गोंड राजांकडून मिळणाऱ्या जमिनीशी त्याचा संबंध जोडला जातो. म्हणजे एका काळचा महसुली हक्क गावाच्या नावात गोठून राहिला आहे. त्यावरचा थर फारसी-हिंदी महसुली परिभाषेचा: मालगुजार, निस्तार, वाजिब-उल-अर्ज. निस्तार म्हणजे गावकऱ्यांचा पाणी, चराई, जळण इत्यादींचा परंपरागत हक्क. हा शब्द आजही खेड्यात वापरात आहे आणि त्यावर वादही होतात.

सर्वांत वरचा थर अगदी अलीकडचा आहे. १९५० च्या कायद्याने तत्कालीन मध्यप्रदेशातील मालगुजारी नष्ट झाली व १९५१ पासून मालगुजारांचे हक्क शासनाकडे आले. तेव्हा तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, आणि कचेरीतील टिपणांसाठी त्याचा संक्षेप ‘मा. मा. तलाव’ असा होऊ लागला. टिंबे गळून पडली आणि ‘मामा तलाव’ हा नवा शब्द मराठीत रूढ झाला. आज वृत्तपत्रांतून तो सर्रास आढळतो. इतिहास ठाऊक नसलेल्या वाचकास हा कोणा मातुलाचा तलाव वाटणे साहजिक आहे. आणि ज्या तलावाला सात बहिणी आहेत, त्याला मामा असण्यात काही विसंगतीही दिसणार नाही. आद्याक्षरांपासून शब्द कसा बनतो, आणि नात्याच्या परिचित शब्दाशी जुळल्यामुळे तो कसा टिकतो, याचे इतके चांगले उदाहरण मराठीत विरळा.

६. पाण्याबरोबर ओसरणारे शब्द

येथवर केलेले विवेचन केवळ कुतूहलापुरते नाही. ज्या शब्दांचा येथे निर्देश केला ते सर्व कामाचे शब्द आहेत, आणि काम थांबले की असे शब्द टिकत नाहीत. मालगुजारीच्या काळात पाळीची डागडुजी, तुडुमाची देखरेख आणि पाण्याची पाळीपाळीने वाटणी ही गावातच होत असे. त्या व्यवस्थेत विषमता होती, मालगुजाराचा वरचष्मा होता. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तलावाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या व्यवस्थेत अनुत्तरित नव्हता. १९५१ नंतर मालकी शासनाची झाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणाऱ्या तलावांची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तलावांची संख्या मोठी आणि साधने तुटपुंजी. त्यामुळे पुष्कळ तलावांत गाळ साचला, काठावर बेशरमाची झुडपे माजली, पाणी थोडे राहू लागले. ज्यांना शक्य होते त्यांनी विहिरी व कूपनलिका घेतल्या. शेताला पाणी कूपनलिकेने मिळू लागले की मुलाला तुडूम उघडण्यास पाठविण्याचे कारण उरत नाही. आणि त्या पिढीपासून तो शब्द ऐकीव होतो, नंतर तोही राहत नाही.

गाळ काढण्याच्या योजना झाल्या आहेत. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात राबविण्यात आली. अशा कामांनी तलाव खोल होतात हे खरे. पण तलाव म्हणजे केवळ खड्डा नव्हे. मासे कोठे अंडी घालतात, शिंगाडा कोठे लावावा, कोणत्या काठाचे गवत राखावे, सलंगेची उंची किती ठेवावी म्हणजे वरच्या शेतकऱ्याची बांधी बुडणार नाही व खालच्याची कोरडी राहणार नाही, हे ज्ञान ढीवर, कोहळी, पोवार आदी समाजांच्या बोलण्यात साठलेले आहे. शब्द नोंदविणारा भाषाशास्त्रज्ञ हे ज्ञान जिवंत ठेवू शकत नाही, हे कबूल केले पाहिजे. मात्र ज्याला दुरुस्तीसाठी हे ज्ञान हवे असेल त्याला ते कोणत्या नावाने विचारावे, एवढे तरी भाषाशास्त्रज्ञाने हाताशी ठेवावयास हवे. ‘विमोचक कोठे आहे?’ असे विचारणाऱ्या तरुण अभियंत्यास ज्या वृद्धाकडून उत्तर मिळणार नाही, त्याच वृद्धास ‘तुडूम कोठे होता?’ असे विचारल्यावर गाळाखाली दडलेली जागा बोटाने दाखविता येण्याचा संभव आहे.

७. दौऱ्याविषयी काही सूचना

दौऱ्याचा काळ आश्विनाच्या उत्तरार्धापासून माघापर्यंतचा असावा. त्यातही आरंभीचे दिवस अधिक मोलाचे, कारण धानाला शेवटचे पाणी तेव्हा दिले जाते व पाण्याची परिभाषा प्रत्यक्ष वापरात असते. कापणी झाल्यावर शेतात धानाचे पुंजणे उभे राहतात, चुरणीची घाई असते, आणि निवेदकास उसंत नसते. परंतु शेतीच्या शब्दांसाठी तोच हंगाम उत्तम. माघानंतर ऊन वाढते व तलाव आटू लागतात. गाळपेरीचे शब्द हवे असतील तर मात्र तेव्हाच जावे लागेल.

एका दिवसात अंतर किती कापले यास महत्त्व देऊ नये. सकाळच्या दोन प्रहरांत पंचवीस-तीस किलोमीटर पुरेसे होत. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाला असून मार्गाचा काही भाग वनालगत आहे. संरक्षित वनात परवानगीवाचून शिरू नये आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामाचे गाव गाठावे. पंक्चर काढण्याचे साहित्य व हवेचा पंप जवळ ठेवावा. मात्र गावातील सायकलदुरुस्तीच्या दुकानात थांबण्याची संधी दवडू नये, कारण चावडीइतकेच तेही गप्पांचे ठिकाण असते.

प्रश्न विचारताना वस्तूकडे बोट दाखवून नाव विचारावे. नाव उच्चारून होकार मिळवू नये. प्रत्येक तलावाची स्थाननोंद, तो वापरात आहे की नाही, पाणीवाटप कोण करतो, आणि निवेदक स्वतः ते काम करीत असे काय, या चार गोष्टी शब्दाबरोबर टिपाव्यात. पुरुषांबरोबर स्त्रियांनाही विचारावे. रोवणी, मासेमारी आणि काठावरच्या भाज्या यांची परिभाषा पुष्कळदा त्यांच्याकडेच मिळते. ध्वनिमुद्रण करावयाचे असल्यास संमती घ्यावी, आणि तयार झालेली शब्दसूची त्या गावच्या ग्रामपंचायतीस व शाळेस अवश्य द्यावी.

एका पदव्युत्तर विद्यार्थ्यास तीन हंगामांत या मार्गावरील सर्व तलावांची अशी नोंद पुरी करता येण्याजोगी आहे. त्यासाठी मोठे अनुदान किंवा यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तलावावर प्रत्यक्ष काम केलेल्या पिढीजवळ नेमका तोच थोडा उरला आहे. ‘पाळ’ आणि ‘पार’ यांची सीमारेषा आज काढली तर ती नकाशावर येईल. तुडूम उघडणारे हात गेल्यानंतर काढावयास घेतली, तर दोन्ही बाजूंना एकच शब्द मिळेल, आणि तो सरकारी असेल.